हिच्या रक्तातच आहे

"आडनाव काय गं तुझं?"

जळगावच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. हातात पांढऱ्या वाइनचा ग्लास. मी नुकतंच सांगत होते की ग्लास दांडीला धरा, पोटाला धरलात तर हाताच्या उबेनं वाइन गरम होते. त्यांना ते आवडलं होतं. किती छान बोलतेस, म्हणाल्या. आणि मग आडनाव.

मी सांगितलं.

त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली. ती आठी मी शाळेपासून ओळखते. "म्हणजे कोण तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत वायनरीचे मालकच बोलले. "अहो, भिल्लाची पोर आहे. हिची आई मोहाची काढायची. आम्हाला काही शिकवावंच लागलं नाही. हिच्या रक्तातच आहे दारू!"

बारा पाहुणे हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या. त्यांनी ग्लास मात्र टेबलावर ठेवला, तो परत उचलला नाही.

मीपण हसले.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कुणी मला शूर म्हणायला नको. मी हसले होते. दात दाखवून.

मालकांना सगळे नाना म्हणायचे. धुळ्याच्या बाहेर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून त्यांची द्राक्षबाग, मागे वायनरी. अमळनेरला हॉस्टेलात राहून मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं आणि त्यांच्या लॅबमध्ये लागले. आंबटपणा मोजायचा, नोंदी ठेवायच्या. पुढच्या बाजूला टेस्टिंग रूम होती. ती चालत नव्हती. काळे पडदे, काळा सोफा, मंद दिवे. लोक यायचे आणि गुत्त्यात शिरल्यासारखे मान खाली घालून बसायचे. बायका तर गाडीतून उतरायच्याच नाहीत.

मी नानांना म्हणाले, पडदे काढा. इथं कुणी लपून प्यायला आलेलं नाही. ऊन येऊ द्या आत. सोफे काढा, पाठ टेकता येईल अशा लाकडी खुर्च्या ठेवा, म्हणजे साडीतल्या बाईला नीट बसता येईल. बाथरूम आरशासारखं स्वच्छ पाहिजे. आल्याबरोबर आधी माठातलं पाणी द्या, वाइन मागून. चीजचे तुकडे कुणाला कळत नव्हते. मी ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या पिठाच्या छोट्या पुऱ्यांवर वांग्याचं भरीत ठेवलं, पांढरी वाइन त्याच्याबरोबर दिली. लोक डोळे मिटून खायचे. न पिणाऱ्या माणसाला द्राक्षाचा रस द्यायचा, तोही त्याच ग्लासात, म्हणजे तो टेबलावर वेगळा पडत नाही.

ही शेवटची गोष्ट माझी मला सुचली होती. वेगळं पडणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं.

रूम चालायला लागली. नाशिककडून इंदूरला जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. बायकांचे ग्रुप यायला लागले. नानांनी मला लॅबमधून उचलून पुढं उभं केलं. 'या, बसा, पाणी घ्या' हे माझं काम झालं. ते मी मनापासून केलं. खोटं नाही सांगत.

त्या आठीपर्यंत.

ते पाहुणे गेल्यावर नाना खुशीत होते. म्हणाले, "बघितलं? लोकांना किती आवडलं! तुझी गोष्ट भारी आहे. रोज सांगत जा."

आणि मी रोज सांगायला लागले.

खरी गोष्ट अशी होती. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचा पाडा. बाप गुजरातला मजुरीला गेलेला. आई मोहाची फुलं वेचायची, वाळवायची, भिजत घालायची. फूल आंबलं की नाही, हे ती हंडीला कान लावून सांगायची. बुडबुड्यांचा आवाज ऐकायची. पहिली धार देवाची, ती जमिनीवर सोडायची. बाकीची गावात जायची. गावच्या पाटलाचा गडी बाटली न्यायला मागच्या दारानं यायचा.

मी चौथीत होते. भर दुपारी पोलीस आले. दोन हंड्या काठीनं फोडल्या. आंबलेली फुलं अंगणभर सांडली, कोंबड्या ती खाऊन झिंगल्या, तर एक शिपाई पोट धरून हसला. आई हंडीचे तुकडे गोळा करायला वाकली. दुसऱ्यानं तिच्या कमरेत लाथ मारली. बुटाची. आई तोंडावर पडली, त्या ओल्या फुलांत. अजूनही ती उठताना आधी गुडघ्यावर हात ठेवते, मग भिंतीला धरते. पाटलाचा गडी लांब उभा राहून बघत होता.

टेस्टिंग रूममध्ये मी ही गोष्ट सांगत नव्हते.

तिथं मी सांगायचे, सातपुड्याच्या कुशीत मोहाची फुलं टपटप पडायची आणि माझी आई हंडीला कान लावून त्यांचं गाणं ऐकायची. लोक म्हणायचे, वा. मी पोलीस काढून टाकले. मग पाटलाचा गडी काढला. लाथ तर पहिल्याच दिवशी काढली होती. लाथ ऐकून कोण दुसरा ग्लास घेईल? कोंबड्या ठेवल्या. कोंबड्यांवर लोक हमखास हसायचे.

पाच महिने मी हे केलं.

मग नानांनी एक दिवस बोलावलं. "मोठी मंडळी येणार आहेत. आपण त्यांना आदिवासी अनुभव देऊ. तुझ्या आईला आण."

"आईला कशाला?"

"अगं, मान देऊ तिला. पाहुणी म्हणून येऊ दे."

पाहुणी. तो शब्द मी आईला फोनवर तसाच सांगितला. आईनं कधी माझं काम बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "तुनं काम कसं शे, माले दखाड." तिच्या आवाजात पोरीसारखा आनंद होता.

ती सकाळच्या एसटीनं आली. नवं निळं पातळ, केसांना तेल, पिशवीत माझ्यासाठी भाजलेल्या शेंगा. मी तिला स्टँडवरून रिक्षानं आणलं. येताना ती दोनदा म्हणाली, माझ्या चपला बऱ्या आहेत ना?

दारातच नानांच्या बायको उभ्या होत्या. आईला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला म्हणाल्या, "हे काय गं? हे तर आमची धुणंवाली नेसते तसं आहे. असं नाही दिसत आदिवासी." त्यांनी आतून एक घोळदार घागरा आणला, भाड्याचा. पांढऱ्या धातूचे जाड दागिने आणले. आमच्या पाड्यात असं कुणी घालत नाही. आईनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "घाल ना. थोडाच वेळ."

मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही.

खिडकीशी त्यांनी एक मातीची हंडी मांडली होती. खाली लाकडं, त्यात लाल बल्ब. हंडीत नुसतं पाणी आणि वर थोडी मोहाची फुलं. आईला तिथं जमिनीवर बसवलं. पाहुणे आले. मी निवडलेल्या खुर्च्यांवर बसले. मी माठातलं पाणी दिलं. सगळ्यांना दिलं. आईला द्यायचं राहिलं.

लोक फोटो काढायला लागले. एकीनं सांगितलं, मावशी, फुंकर मारा ना चुलीवर. आईनं बल्बवर फुंकर मारली. परत मारा, म्हणाल्या, डोळे मिटले गेले. आईनं परत मारली.

मी गोष्ट सुरू केली. आई ऐकत होती. मराठी तिला सगळं समजतं. हंडीचं गाणं आलं, फुलं टपटपली, कोंबड्या झिंगल्या. हशा झाला.

पाहुण्यांत एक रिटायर झालेले पोलीस साहेब होते. पांढऱ्या मिशा, बोलायला गोड. आईकडं वाकून म्हणाले, "मावशी, आम्ही अशा लई हंड्या फोडल्या बरं का! तुमचीपण फोडली असेल एखादी!"

परत हशा. कुणीतरी टाळी दिली.

आई हसली नाही. रागावलीही नाही. तिनं गुडघ्यावर हात ठेवला आणि उठायला भिंत शोधली. भिंत लांब होती. तिचा हात हवेत तसाच राहिला.

तो हात मी पाहिला. मी हातातला ट्रे खाली ठेवला आणि जाऊन तिला धरून उठवलं. पुढच्या मोठ्या टेबलापाशी एक खुर्ची रिकामी होती, त्या साहेबांच्या शेजारची. आईला तिथं बसवलं. आधी माठातलं पाणी दिलं. मग स्वच्छ ग्लास ठेवला आणि तांबडी वाइन ओतली.

नाना ओठांवरचं हसू तसंच ठेवून म्हणाले, "तिथं नको. ती पाहुण्यांची जागा आहे."

"पाहुणीच आहे ती. तुम्हीच बोलावलंय."

"नाटक नको करू. उठव तिला."

"नाही उठवणार."

आईनं माझ्याकडं बघितलं, मग ग्लासाकडं. मी कुणालाही सांगते तसं तिला सांगितलं. दांडीला धर. आधी वास घे. तिनं वास घेतला. बराच वेळ घेतला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि ग्लास खाली ठेवला.

"हाई बाटली उघाडेल शे," ती म्हणाली. "दोन-तीन दिन व्हई गयात. खाटी पडी गयी."

मी वास घेतला. व्हिनेगरची सुरुवात झालेली होती. बाटली परवाची होती. उरलेल्या बाटल्या पुढच्या ग्रुपला द्यायच्या, ही नानांची रीत. मला माहीत होतं. त्या टेबलावरचे सगळे एव्हाना तीच पीत होते आणि छान छान म्हणत होते.

मी मराठीत मोठ्यानं सांगितलं. "आई म्हणते, ही वाइन खराब झालीय. बरोबर म्हणते. मी केमिस्ट आहे, मीपण तेच सांगते."

कुणी आपला ग्लास खाली ठेवला असेल असं वाटतं का? नाही ठेवला. ते साहेब म्हणाले, "मोहाची सवय ना, हिला काय कळणार यातलं." आणि त्यांनी उरलेला घोट संपवला.

नाना म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

"आत्तापासून," मी म्हणाले.

आईनं मागं जाऊन आपलं निळं पातळ नेसलं. घागऱ्याची तिनं व्यवस्थित घडी घातली. मला ती घडी बघवेना.

बसस्टँडवर आम्ही बाकड्यावर बसलो. मला वाटलं, आता ती माझ्या पाठीवरून हात फिरवेल. पोरीनं मालकाला तोंडावर सुनावलं म्हणेल. मी त्याची वाट बघत होते, लाज वाटते सांगायला, पण बघत होते.

शिरपूरची गाडी लागली तरी ती उठली नाही. म्हणाली, "लाथ काबर नही सांगी?"

लाथ का नाही सांगितलीस, असं विचारत होती.

"कोंबड्या सांग्यात. बठ्ठा हसनात. लाथ काबर नही सांगी?"

"आई, लोकांना..."

"तू मनी गोष्ट इकी टाकी."

विकून टाकलीस म्हणाली, एवढंच. तिचा आवाज चढला नव्हता. शेंगांची पिशवी तिनं माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडीत चढली. तिला चढताना आधार लागतो. कंडक्टरनं दिला. मी बाकड्यावरच होते.

नानांनी एका वाक्यात माझं रक्त काढलं होतं. पण आईची गोष्ट रोज दुपारी भरीत-पुरीबरोबर ताटलीत घालून मीच वाढली. नानांनी मला सांगितलं होतं, सांग. काढून टाक असं नव्हतं सांगितलं. काढणारी मी. पाहुण्यांना काय टोचेल ते मला त्यांच्याआधी कळायचं आणि मी ते आधीच उचलून ठेवायचे. याला मी स्वागत म्हणत होते. इतकी वर्षं शाळेत, हॉस्टेलात, ऑफिसात मी हेच शिकत आले होते. समोरच्याला माझा त्रास होऊ नये.

त्याच बाकड्यावर ते संपलं.

आईनं बरेच दिवस फोन घेतला नाही. नंतर घेतला, तेव्हा फक्त पावसाचं बोलली. ती मला माफ करेल का, मला माहीत नाही. मी तसं विचारतही नाही.

मी स्वतःच्या टेस्टिंग रूमच्या परवान्याचा अर्ज केला. माझ्या नावानं, आमच्या तालुक्यात. ज्या कचेरीत तो द्यायचा होता तिथल्या कारकुनानं कागद चाळले. आडनावाशी थांबला. शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्या लोकांना कधीपासून परवाना लागायला लागला?"

मी म्हणाले, "साहेब, हेच वाक्य अर्जावर लिहा. खाली सही करा. मग मी जाते."

त्यानं लिहिलं नाही. सोमवारी या, म्हणाला. मी सोमवारी गेले. मग त्याच्या पुढच्या सोमवारी. एक कागद कमी आहे म्हणतो, तो दिला की दुसरा कमी पडतो. मी प्रत्येक वेळी पोच मागते. देत नाही तोवर काउंटरसमोरून हलत नाही. मागं रांग खोळंबते. खोळंबू दे. लोक चिडतात. चिडू दे.

परवाना अजून मिळालेला नाही. कदाचित मिळणारही नाही. मी जाणार आहे, त्याची बदली होऊन दुसरा आला तरी जाणार आहे. खोली होईल तेव्हा तिथं ऊन असेल, पाणी असेल, बसायला नीट जागा असेल. पण सगळ्यांचं स्वागत आहे असं मी लिहिणार नाही. पोलीस आमच्या अंगणात काय करून गेले तेही तिथं सांगितलं जाईल, पाटलाचा गडी कुठल्या दारानं यायचा तेही. ऐकून ज्याच्या घशाखाली घोट उतरणार नाही, त्यानं उठून जावं. त्याला थांबवायला मी उठणार नाही.