दोन खुनांची एकच गाठ

नोकरीला महिना झाला नव्हता, तोवर सांगण्यासारखं इतकं साठलं की जेवताना आई म्हणायची, "आधी घास गिळ."

कलकत्त्याला ठशांचं शास्त्र शिकून मी भोर संस्थानातल्या एका लहानशा ठाण्यात रुजू झालो होतो. खोऱ्यात वर्षभरात दोन म्हाताऱ्यांचे दोरानं गळा आवळून खून झाले होते. पहिल्याचा गुन्हेगार कबुली देऊन तुरुंगात गेला. दुसऱ्यासाठी धोंडी नावाचा गडी आमच्या कोठडीत होता.

फौजदारसाहेब म्हणाले, "दोन्ही दोरांना गाठ एकच. धोंडी त्या पहिल्या खुन्याच्या जोडीनं राबायचा. त्याच्याकडनंच शिकला."

पुरावे ताडून बघायला मला चार दिवस मिळाले. पाचव्या दिवशी धोंडीला कोर्टापुढे उभं करायचं होतं.

*

हवालदार कासमभाईंना म्हटलं, "दोन्ही दोर आणा." त्यांनी ते विहिरीवरून आणले. एकमेकांना जोडलेले, टोकाला बादली!

"आदीचा दोर तुटला, साहेब. आन् यातला एकटा पुरंना."

"अहो, हा पुरावा आहे."

"म्हणून तर फासाच्या गाठींना हात लावला न्हाई."

भिंगातून पाहिलं. दोन्ही गाठी खरंच सारख्या. फौजदारसाहेब मिशीत हसले.

*

दुसऱ्या म्हाताऱ्याच्या घरामागे चिखलात पावलाचा सुरेख ठसा होता. त्यावर बांबूचं डालगं उपडं घातलं आणि साचा घ्यायला प्लॅस्टर आणायला भोरला पळालो. सकाळी परत येऊन डालगं उचललं तर आत कोंबडी!

शेजारची म्हातारी म्हणाली, "खुडुक बसलीया मेली. डालगं रिकामं दिसलं, म्हणून कोंडली."

"आजी, खाली ठसा होता."

"मंग? पाय हाईत की गावात. दुसरा उठंल."

कोठडीच्या गजाआडून धोंडीनं विचारलं, "सायेब, ठसा माजा न्हवता न्हवं?"

"आता कोंबडीचा आहे."

तो हसला, मीही हसलो.

*

तिसऱ्या दिवशी कासमभाई घोड्याचं गवत बांधत होते. गाठ तीच! क्षणभर मी हवालदारांवरच संशय घेतला.

"ही गाठ कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? भाताच्या भाऱ्याची गाठ हाय. आईच्या कडेवरनं बघितलेली."

*

चौथ्या दिवशी अख्खं गाव चावडीत गोळा केलं. प्रत्येकापुढे एक पेंढी, एक दोर. म्हटलं, बांधा. बाप्ये, बाया, पाटील, सगळ्यांची गाठ तीच. फौजदारसाहेबांना राहवेना, त्यांनीही बांधली. तीच!

"साहेब," मी म्हणालो, "तुम्हालाही कोठडीत घालावं लागेल."

चावडी हसून लोटपोट झाली. धोंडीसुद्धा बेड्यांसकट डुलत होता.

शेवटी उरला दुसऱ्या म्हाताऱ्याचा पुतण्या गणपा. धोंडीचं नाव यानंच घेतलं होतं. गणपा दोर हातात फिरवत बसला. बऱ्याच वेळानं त्यानं एक ढिली, वेडीवाकडी गाठ मारली आणि म्हणाला, "मला न्हाई येत ती."

मागून त्याची बायको हसत म्हणाली, "अवं, असं काय करताय? सकाळी खळ्यावरचं समदं भारं तुमीच तर बांधलं की."