मुनशीजींच्या लेकीची ओटी

ती पहिल्यांदा आमच्या अकोल्याच्या घरी आली ती मागच्या दाराने. पक्षकार पुढच्या दाराने यायचे, बाकावर बसायचे, खोकायचे, मग आत निरोप जायचा. ही न्हाणीघराच्या बाजूने आली, तुळशीला वळसा घातला आणि थेट स्वयंपाकघराच्या पायरीशी उभी राहिली. बुरख्याचा पडदा वर टाकून म्हणाली, "तुमीच का वहिनी? मी मुनशीजींची पोरगी."

मुनशीजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे कारकून. सासरे वकील, त्यांच्यामागे आमचे हेही वकील. मुनशीजी म्हातारे झाले, डोळ्यांनी अधू झाले, तरी रोज सकाळी टोपी घालून येऊन बसायचे. त्यांना लेक आहे आणि ती कराचीला असते, एवढं मला माहीत होतं. तिचं लग्न झालं तेव्हा कराची परदेश नव्हती. नवरा इकडेच रेल्वेत होता. फाळणीनंतर त्याने तिकडची नोकरी पत्करली आणि हिला घेऊन गेला. तिकडे काही वर्षांनी त्याने दुसरी केली. ही बापाच्या घरी परत आली, पण येताना हातात पाकिस्तानचा पासपोर्ट होता आणि थोड्या महिन्यांचा व्हिसा. मुदत एकदा वाढवून मिळाली. दुसऱ्यांदा मिळाली नाही.

तो पन्नास ते साठ सालांमधला काळ. आमच्या लग्नाला पाचसहा वर्षं झालेली. मी अमरावतीच्या एका शाळामास्तरांची मुलगी, मॅट्रिक झालेली. घरी शुद्ध बोलायचं, जेवताना बोलायचं नाही, अशा वळणाची. हेसुद्धा माझ्याशी मोजकंच आणि पुस्तकी बोलायचे. मला वाटायचं, यांचा स्वभावच अबोल आहे.

तो अबोलपणा फक्त माझ्यापुरता होता, हे मला त्या दिवशी कळलं.

हे कोर्टातून आले, तिला पायरीवर बसलेली पाहिली, आणि कोट न काढताच म्हणाले, "काहून वं, किती वाळली तू! तिकडं खायाले देत नव्हते का?"

"देत होते ना. पण ज्वारीची भाकर कोठून आणतील ते?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वहिनी, हे अजून बी भाकरीचा पोपडा आंधी सोलून खातात का? लहानपणी पोपडा खायचे अन् खालची भाकर मले द्यायचे. आईसाहेबाले वाटे, पोरगा किती जेवते!"

हे मोठ्याने हसले. मी पाचसहा वर्षं यांच्या ताटात भाकरी वाढत होते. पोपडा आधी खातात हे मी पाहिलं नव्हतं. त्या रात्री वाढताना पाहिलं. खरंच आधी पोपडा सोलला. मी दुसरी भाकरी ताटात जरा जोरातच टाकली.

मी स्वच्छ सांगते, त्यांच्यात वावगं काही नव्हतं. असतं तर मला भांडता आलं असतं. एका अंगणात खेळलेली दोन माणसं होती ती. पण यांच्या आयुष्याचा एक मोठा तुकडा तिच्याकडे होता आणि मला तो उष्टा मिळत होता, हे मला सोसेना.

यांनी तिची केस घेतली. नागपूरला हायकोर्टात अर्ज करायचं ठरलं. संध्याकाळी बैठकीत कायद्याची पुस्तकं उघडी पडायची आणि मी चहा घेऊन जायचे. एकदा मी विचारलं, "नक्की अडचण काय आहे?"

"कायदा म्हणतो, नवऱ्याचा देश तोच बायकोचा देश," हे म्हणाले. "जन्म इथला, बाप इथला, पण नवरा तिकडचा, म्हणून ही परकी."

मी म्हटलं, "मग नवऱ्याकडे जायला काय हरकत आहे?"

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तकात मान घातली.

गावात दोन तट पडले. कापसाच्या जिनिंगमधले मजूर, मुनशीजींच्या मोहल्ल्यातली माणसं, कॉलेजची काही मुलं एका बाजूला; तिला पाठवू नका म्हणून ती रस्त्यावर बसायची. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी बाजारच्या चौकात सभा घेतली, तिकडच्या लोकांना तिकडे पाठवा म्हणून. बाररूममध्ये यांच्या शेजारी बसायचं काही वकिलांनी सोडलं. सिंधमधून सगळं टाकून आलेला एक कापडवाला आमच्या दारात येऊन म्हणाला, "वकीलसाब, हमको निकाला तब हमारे लिए कौन बैठा था रस्ते पे?" त्याचे डोळे भरले होते. आडोशाला उभी असलेली मी मनातून खूश झाले. त्याच्या दुःखाशी मला कर्तव्य नव्हतं. कोणीतरी यांना अडवलं, एवढ्यावरच मी समाधानी होते.

शेजारच्या देशमुखीणबाई विहिरीवर मला हटकायच्या. "काय वं वकिलीणबाई, साहेब आज बी मोहल्ल्यातच? जेवाले तरी येतात का तिकडंच डबा धाडता?"

मी हसून कळशी भरायची आणि घरी येऊन आदळायची.

शेवटी मी बॅग भरली आणि बडनेऱ्यावरून अमरावतीला माहेरी निघून गेले. आईला काही सांगितलं नाही, पण तिला समजलंच असणार. चार दिवस तिने माझ्या आवडीचं करून घातलं. पाचव्या दिवशी सकाळी पाट मांडला, मला बसवलं आणि ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरव्या काठांचा एक खण.

"आई, मी आज जाते असं कुठे म्हटलं?"

"म्हणायचं कशाला?" आई म्हणाली. "दुपारची गाडी आहे."

आमच्याकडे लेकीला जा म्हणून कोणी सांगत नाही. ओटी भरतात. एकदा पदरात तांदूळ पडले की लेकीने माहेरच्या उंबऱ्यात रेंगाळायचं नसतं. निघताना ओटीतले चार दाणे माघारी ताटात टाकायचे, म्हणजे पुन्हा येणं होतं. मी दाणे टाकले आणि गाडीत बसले. सबंध वाटेत मला रडू येत होतं. माझ्याच आईने मला इतक्या गोडीने बाहेर काढलं होतं.

अकोल्याला उतरले तर टांगेवाला म्हणाला, "त्या बाजूनं नाई जाता येत बाई, पोलीस हायेत."

मुनशीजींच्या गल्लीच्या तोंडाशी लोक बसले होते. तिला नेण्यासाठी ठाणेदार पोलिसांची लॉरी घेऊन आला होता. मी टांगा सोडला आणि देशमुखीणबाईंच्या माडीवर गेले. तिथून गल्ली दिसायची. "अकोल्याची लेक अकोल्यातच राहील," असं लोक ओरडत होते. हे सगळ्यांच्या पुढे काळा कोट घालून उभे. ठाणेदाराशी बोलत होते, कागद दाखवत होते. कुठून तरी एक दगड आला आणि लॉरीच्या टपावर वाजला. मग शिट्टी झाली.

लाठीमार कसा होतो हे मी त्याआधी वाचलं होतं. वाचण्यात आवाज नसतो. ओल्या कपड्यावर धोपटणं मारावं तसा आवाज येत होता. माणसं ओरडत नव्हती, नुसती पळत होती, चपला मागे टाकून. जिनिंगमधला एक मजूर गटाराच्या कडेला पडला तरी त्याला दोघे मारतच राहिले. एका पोलिसाने यांच्यावर लाठी उगारली. यांनी डोकं वाचवायला हात वर केला. कोपरावर बसली.

मी जिना उतरले, पण गल्लीच्या तोंडाला मला अडवलं. तिथून मी पाहिलं. ती घरातून धावत आली होती, बुरखा न घालता. आपली ओढणी फाडून ती यांचा हात बांधत होती आणि रडत शिव्या देत होती, "कोण सांगितलं होतं तुमाले पुढं उभं राहाले? लहानपणापासून असेच हाये तुमी!" आणि हे, त्या अवस्थेत, तिला म्हणत होते, "रडू नको. तू रडू नको."

लोकांची डोकी फुटली होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती ओढणीची गाठ होती. ती माझी जागा होती. हात मोडलेल्या नवऱ्यापाशी बसायला मला पोलिसांची परवानगी लागत होती, आणि परकी म्हणून जिला काढायचं तिला ती लागली नाही.

बोभाटा झाल्यामुळे ठाणेदाराने आठवडाभर थांबायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने हे हात गळ्यात बांधून नागपूरला गेले, मनाई हुकूम मिळवायला.

त्याच दुपारी ती आली. मागच्या दारानेच.

"कसा हाये हात?"

"ते नागपूरला गेलेत," मी म्हटलं. "तुमच्यासाठी."

मी आत गेले. विचार केला नाही असं म्हणणार नाही, विचार करूनच केलं. पाट मांडला. ताटात तांदूळ घेतले, नारळ घेतला, हळकुंड, सुपारी. बॅगेतून आईने दिलेला तोच खण काढला. बाहेर येऊन म्हटलं, "बसा."

तिने पाट पाहिला, ताट पाहिलं. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ती लग्न होऊन निघाली तेव्हा याच पडवीत माझ्या सासूबाईंनी तिची ओटी भरली होती.

"आत्ताच?" ती म्हणाली.

"कधीतरी जायचंच ना," मी म्हणाले. "सवाष्णीला रिकामं कसं पाठवायचं?"

ती बसली. मी तिच्या हाताला हळदीचं बोट लावलं. तिने ओढणी पसरली. मी तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं. ती उठली, ओढणीतले चार दाणे चिमटीत घेतले आणि ताट शोधू लागली. ताट मी आत नेलं होतं. थोडा वेळ ती चिमूट तशीच धरून उभी राहिली, मग दाणे उंबऱ्याच्या कडेला ठेवून निघून गेली. संध्याकाळी केर काढताना मी ते लोटून टाकले.

आमच्या घरून ती तशीच ठाण्यावर गेली आणि सांगितलं की मी खुशीने जाते, आता कोणाला मारू नका.

नागपूरहून हे सुनावणीची तारीख घेऊन आले, तर केसच उरली नव्हती. हे मोहल्ल्यात धावले. रात्री परत आल्यावर मला म्हणाले, "ऐकत नाही. म्हणते, तुमचा हात मोडला, उद्या कोणाचं डोकं फुटेल." सगळ्या गावाने तेच मानलं. मीही तेच धरून ठेवलं. कदाचित ते खरंही असेल. पण लाठीमाराच्या दिवशी ती लॉरीत बसली नव्हती, आणि माझ्या पाटावरून उठली ती ठाण्यावर गेली, हे मला एकटीला माहीत होतं.

मुंबईच्या गाडीला तिला पोहोचवायला हे स्टेशनवर गेले. मुंबईहून पोलिसांच्या पहाऱ्यात कराचीची बोट. परत आले ते थेट स्वयंपाकघरात, माझ्यासमोर बसले.

"तू तिची ओटी भरलीस?"

"हो."

"मला बोलली नाहीस. गाडी सुटताना तिने खण दाखवला. म्हणाली, वहिनींनी दिला." यांनी बांधलेला हात मांडीवर सावरला. "गावाने तिला परकी म्हटलं. तू तिला लेक म्हणून पाठवलंस. मी तुला ओळखलंच नाही गं इतकी वर्षं."

त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलू लागले. ज्या बोलण्याचा मला हेवा वाटला होता, ते मला मिळालं. पाहुण्यांसमोर, पुढे मुलांसमोर, हे ती गोष्ट कौतुकाने सांगायचे आणि मी पदर सारखा करत बसायचे. मुनशीजी त्याच साली वारले. लेकीला कळवलं, उत्तर आलं. पासष्टच्या लढाईनंतर तेही बंद झालं.

यंदाच्या हिवाळ्यात, एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलत असताना मी यांना सगळं सांगितलं. अमरावतीची ओटी, ओढणीची गाठ, आत नेलेलं ताट. हे शेंगा सोलत ऐकत होते. मला वाटलं, विचारतील, का केलंस. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"तिला कळलं होतं?" यांनी विचारलं.

"हो. आत्ताच, म्हणाली."

"रडली?"

"नाही."

"काही खाल्लं होतं तिने? पाणी तरी दिलंस?"

"नाही दिलं."

यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि आत जाऊन पडले. माझ्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. राग केला असता तरी चाललं असतं, तो तरी माझ्या वाट्याचा असता. मी टरफलं गोळा करत बसले. ती जिवंत आहे की नाही हेही आम्हाला ठाऊक नाही. मी क्षमा मागायला बसले होते, आणि यांनी आधी तिच्या तहानेची चौकशी केली, ते मला लागलं.