गुलाबांच्या खोलीतला समर प्रोजेक्ट

दोन हजार सालाच्या आसपासचा मे महिना, आणि मी रोज सकाळी मांडीवर स्वेटर घेऊन दिंडोरीच्या एसटीत बसायचे. शेजारचं माणूस आधी स्वेटरकडे बघायचं, मग बाहेरच्या उन्हाकडे, मग माझ्याकडे... विचारायचं मात्र कुणीच नाही.

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर दोन महिने एखाद्या कंपनीत काम करायचं, त्यावर रिपोर्ट लिहायचा आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा द्यायची, असा विद्यापीठाचा नियम होता. आता मुलं त्याला इंटर्नशिपचे क्रेडिट्स म्हणतात, आम्ही 'समर प्रोजेक्ट' म्हणायचो. तो धरला नाही तर वर्ष गेलं.

वर्गातल्या बहुतेकांना सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जागा मिळाल्या होत्या... कुणाचे काका मॅनेजर, कुणाचे शेजारी. आमचे आप्पा सटाण्याला कांद्याचे व्यापारी, त्यांच्या ओळखीवर मला कारखान्यात कोण घेणार? शेवटी दिंडोरी रस्त्यावरच्या एका गुलाबाच्या कंपनीने हो म्हटलं. त्यांची फुलं थंडीत परदेशी जायची आणि उन्हाळ्यात मुंबईला.

कॉलेजातल्या गाईड सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "शेतावरचं काम प्रोजेक्ट म्हणून धरायचं की नाही ते परीक्षक ठरवतील, मी काही खात्री देत नाही," म्हणाले. आणि आप्पांनी तर आधीच बजावलं होतं, वर्ष वाया गेलं तर सामान बांधायचं नि घरी यायचं.

पण खरं सांगू? तिथे गेले की मी हे सगळं विसरून जायचे...

फुलं तोडून आणली की ती एका थंड खोलीत ठेवली जायची. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि दार उघडलं की पायाशी पांढरं धुकं. आत मिटलेल्या कळ्यांच्या बादल्याच बादल्या... लाल, पिवळ्या, एक फिकट केशरी, जिचं नाव मला आता आठवत नाही. यंत्राची एकसुरी घरघर, स्वेटर घातलेल्या बायका, आणि त्यातली एक कुणीतरी स्वतःशीच गुणगुणणारी. या गुलाबांना फारसा वास नसतो, पण खुडलेल्या पानांचा एक हिरवा, ओला वास त्या खोलीत भरून राहिलेला असायचा. मी तिथे उभी राहिले की दुपार झाली की संध्याकाळ, काही कळायचं नाही.

ग्रेडिंग, म्हणजे फुलांची प्रतवारी, बघणाऱ्या हिराबाई मला हसायच्या. "ताई, फूल हाय ते, फाईल नाय. हळू धर," म्हणायच्या. "आन जागी हाय का झोपली?"

त्या खोलीचा एकच कायदा होता. फूल कोरडं पडलेलं दिसलं की ज्याला दिसेल त्याने हातातलं काम टाकून आधी ते पाण्यात ठेवायचं, मग पुढचं बोलायचं. मालकही फोन बाजूला ठेवून बादलीकडे धावायचे. मलाही ती सवय कधी लागली, समजलंच नाही.

मग परीक्षेचा दिवस आला. परीक्षक एका मोठ्या कारखान्यातले साहेब, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. शेजारी आमचे गाईड सर बसलेले. साहेबांनी माझा रिपोर्ट चाळला आणि विचारलं, "गुलाब... यात बिझनेस कुठे आहे?"

उत्तर पाठ होतं माझं. पण माझं लक्ष टेबलावर गेलं... कॉलेजने साहेबांच्या स्वागताला दिलेला गुलाब चांदीच्या कागदात गुंडाळून तसाच फॅनखाली पडला होता. त्याने मान टाकायला सुरुवात केली होती.

माझा हात आपोआप पुढे गेला. कागद सोडवला, खालची पानं काढली, आणि समोर पाण्याचा ग्लास होता त्यात गुलाब उभा केला. तो ग्लास साहेबांचा होता. त्यांचं पिण्याचं पाणी... गाईड सरांनी डोळेच मिटून घेतले.

माझे कान गरम झाले. गेलं वर्ष, चला सटाण्याला, एवढंच डोक्यात आलं. "सॉरी सर," मी म्हटलं, "तिथे सवय लागली."

"का करतात असं?" साहेबांनी विचारलं.

मग मी सांगत सुटले. सकाळी फुलाला जरा वेळ ऊन लागलं, तर मुंबईच्या दुकानात ते एक दिवस कमी टिकतं... आणि दुकानदार विकत घेतो तो खरं तर तो एक दिवसच. म्हणून ती थंड खोली, म्हणून ती धावपळ. बोलता बोलता मी परत त्या धुक्यातच जाऊन उभी राहिले होते, मला चक्क थंडी वाजत होती.

साहेबांनी मला मध्ये तोडलं नाही. शेवटी ग्लासकडे बोट दाखवून म्हणाले, "हे फूल पाठवाल मुंबईला?"

"नाही सर. हे जास्त उमललंय. हे लोकलला, इथल्याच बाजारात."

"म्हणजे आमच्यासारख्यांना," म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. मग गाईड सरांकडे वळून, "धरा हो हा प्रोजेक्ट. आणि मला दुसरं पाणी मागवा."

बाहेर पडल्यावर एसटीडी बूथवरून आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "गुलाबावर पास करतात? मग कांद्यावर पण केलं असतं की."

त्यानंतर पुष्कळ नोकऱ्या केल्या, चांगल्या केल्या, टक्क जागं राहून केल्या. पण दोन महिने स्वप्नात असल्यासारखं वावरावं आणि विद्यापीठाने त्याचे मार्क द्यावेत... असं भाग्य माझ्या वाट्याला तेवढं एकदाच आलं.