सिंधूताईनं धरलेलं माप

आमच्या सिंधूताईले कोणी नावं ठेवली का माह्या डोक्यात जाते. नात्यानं मोठी जाऊ, पण मायेनं सख्खी बहीण. संग्रामपुरातल्या कितीतरी बाया तिच्याच हातचा ब्लाऊज घालतात. टेप गळ्यात असते, पण हुकाची जागा, काज, असं बारीक काही आलं का ती बोटानंच मोजते. कधी चुकली नाही.

यंदा आमच्या बचत गटाले शाळेच्या शर्टांचं काम भेटलं. काजं करायले तिनं मले अन् शेजारच्या मुबीनाले बसवलं. "बोटाच्या रुंदीयेवढं काज घ्या," म्हणे. आम्ही घेतलं. आता मुबीनाचं बोट भेंडीसारखं, अन् माह्या बोटात त अंगठी बी जात नाही!

पहिला गठ्ठा शाळेत नेला. मोठ्या मॅडमनं, योगिनी मॅडमनं, दोन लेकरांले शर्ट घालून पाह्यले. एकाची गुंडी काजात जाईना, दुसऱ्याची हसता हसता निघाली. मॅडम म्हणाल्या, "सोमवारपर्यंत नीट करून द्या ताई, नाहीतर काम दुसरीकडे द्यावं लागेल."

मी रस्त्यातच मुबीनावर घसरले. ती म्हणे, "मैं तो उंगली सेच नापी, भाभी!"

सिंधूताई मधात आली. "कोणाचंच चुकलं नाही वं. एकटीनं शिवायचं त बोट पुरते. आता तिघींचं माप एकच पायजे."

घरी तिनं गुंडी टेपवर ठेवली. अर्ध्या इंचाच्या काजात ती अडके, पाऊण इंचातून निसटे. टेप पलटवली. एक सेंटिमीटर कमी, दोन जास्त. मी म्हटलं, "आता काय करता, बाई?" तिनं टेप डोळ्याजवळ नेली. डोळे बारीक करून सेंटिमीटरच्या मधातल्या बारक्या रेघा मोजत बसली.

"गुंडी बारा मिलिमीटर. दोन तिच्या जाडीचे. काज चौदाचं."

पुठ्ठ्याच्या तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्या कापून तिनं आमच्या हाती दिल्या. माही काजं टाके घालून लहान केली, मुबीनाची कापून वाढवली अन् पुन्हा विणली.

सोमवारी पहिलीतल्या पायलनं साऱ्या गुंड्या स्वतःच लावल्या. मॅडम दुसरा शर्ट पाहाले लागल्या, तशी सिंधूताई मान ताठ करून म्हणे, "कोणताही उचला, मॅडम. कोणतीही गुंडी लावून पाहा."

मॅडमनं गठ्ठ्यातून एक ओढला, लावून पाह्यला अन् म्हणाल्या, "उरलेले सगळे तुम्हीच शिवा."

माय वं, काय छाती फुगली माही! त्या शर्टाची काजं माही होती का मुबीनाची, मले बी ओळखू आलं नाही.