रविवारी पंप बंद

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना झुरळाचं विच्छेदन दाखवत होते. "शुभा, ग्रेसी टीचर गेल्या गं..." एवढंच ती म्हणाली. माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं, तर आज वार कोणता? शनिवार होता. मला उगाचच बरं वाटलं. टीचर रविवारी गेल्या असत्या तर ते त्यांच्या नियमात बसलं नसतं, रविवारी त्या काहीही करत नसत.

आता महिना उलटून गेलाय. या बाईंनी माझ्यासाठी नेमकं काय केलं, याचा मी अजून शोध घेतेच आहे.

नव्वदच्या दशकात, माझी दहावी झाली त्या जूनमध्ये आम्ही परळची खोली सोडून वसईला फ्लॅटमध्ये राहायला आलो. बिल्डिंगची मागची भिंत संपली की टीचरची वाडी सुरू व्हायची. केळी, मोगरा, थोडी पानवेल आणि मधोमध विहीर. उभी हयात शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, भाऊ जॉनकाकांबरोबर राहायच्या. दहावीला मला बरे मार्क पडले होते, त्यामुळे बाबांचं विमान हवेत होतं. सायन्स तर घ्यायचंच, शिवाय गणित आणि बायॉलॉजी दोन्ही ठेवायचे. इंजिनियरिंग नाहीतर मेडिकल! "दोन्ही दरवाजे उघडे राहिले पाहिजेत," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. फ्रिजच्या दारावर त्यांनी माझं वेळापत्रक चिकटवलं होतं. कॉलेज, मग क्लास, मग दुसरा क्लास, आणि गणिताचा पाया पक्का व्हावा म्हणून मागच्या वाडीतल्या टीचर.

सहामाहीत व्हायचं ते झालं. गणिताचा पेपर समोर आला, सगळी गणितं ओळखीची होती आणि मला एकही सुटेना. नुसती बघत बसले. त्याआधीही जेवण जात नव्हतं, केस गळत होते, पण त्याला आम्ही वसईच्या पाण्याचा दोष देत होतो. घरी येऊन मी जाहीर केलं की मला सायन्स नको, कॉलेज नको, काहीच शिकायचं नाही. हे नाटक नव्हतं. ज्या मुलीने लहानपणी 'का' विचारून घरच्यांचं डोकं खाल्लं होतं, तिला आता कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. बाबा ओरडले, आई रडली आणि मला टीचरकडे पाठवण्यात आलं. तिथे आणखी बोलणी खायची तयारी ठेवूनच मी गेले.

टीचर ना रागावल्या, ना त्यांनी समजूत घातली. त्यांना भलतंच कुतूहल वाटलं. "एवढं सगळं येत होतं, मग ते गेलं कुठे? बघायला पाहिजे." त्यांनी माझं वेळापत्रक मागवून घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. "यात रविवार कुठे आहे गो?" मी बोट ठेवून दाखवला. सकाळी टेस्ट, दुपारी सराव, संध्याकाळी राहिलेलं. "हा रविवार नाही, हा दुसरा सोमवार आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे रविवारी पंपसुद्धा बंद असतो. विहीर सारखी उपसली की मचूळ पाणी येतं. तुझं डोकं काय विहिरीपेक्षा खोल आहे?"

तेव्हापासून नवा कायदा सुरू झाला. अवघड विषय दिवसाला एकच, त्याच्या जोडीला आकृत्या काढण्यासारखं हाताचं काम, आणि रविवारी पुस्तक उघडायचं नाही. बाबांना हे अजिबात पटलं नाही, पण गणिताच्या टीचरशी वाद घालायची त्यांची छाती नव्हती. आईने मात्र तो सरळ उपवासच मानला. "त्यांच्यात पाळत असतील, आपणही पाळू," म्हणाली. मीही तो उपवासासारखाच पाळला, म्हणजे शनिवारी दुप्पट अभ्यास करून ठेवायला लागले. रविवारी अंग आंबलेलं असायचं आणि सोमवारी मी टीचरच्या ओटीवर पेंगायचे. त्यांनी दोन प्रश्न विचारून खरं काढून घेतलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "एकादशी नि दुप्पट खाशी! अगं, ही शिक्षा नाही, सुट्टी आहे. तुला सुट्टीसुद्धा शिकवायला लागणार काय?"

आणि खरंच शिकवायला लागली. दर सोमवारी गणिताच्या आधी त्या विचारायच्या, "काल काय केलंस?" "काही नाही," हे बरोबर उत्तर होतं, पण तेवढ्यावर सुटका नसायची. "काही नाही म्हणजे काय काय?" मग मला आठवून सांगावं लागे. विहिरीच्या कठड्यावर बसले होते. बेडूक बघितला. मुंग्या केळीच्या बुंध्यावरून खाली येत होत्या, वर एकही जात नव्हती. सुरुवातीला मी चार वाक्यांत संपवायचे, पुढे पुढे टीचरना मला थांबवावं लागायचं. एकदा विहिरीच्या आतल्या दगडाला एका किड्याचं रिकामं कवच चिकटलेलं दिसलं. पाय, डोळे, सगळं जागच्या जागी, आतला प्राणी गायब! "हे काय आहे, टीचर?" त्यांनी ते तळहातावर घेऊन उलटसुलट केलं. "मला नाही माहीत. शोध." त्या संध्याकाळी कोणीही न सांगता मी बायॉलॉजीचं पुस्तक उघडलं, त्यात काही सापडेना म्हणून लायब्ररीत गेले. ती चतुर नावाच्या उडत्या किड्याची कात होती. किती महिन्यांनी मला काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं होतं, आणि त्या आनंदाने मला रडूच आलं.

बारावीत जाताना एक विषय बदलता येत होता. टीचर आपणहून आमच्या घरी आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "सावंत, हिला गणित सोडू द्या. भूगोल द्या." बाबा उभेच राहिले. "टीचर, तुम्ही सांगता हे? गणित सोड म्हणून?" त्यांनी शांतपणे चहा संपवला. "दोन्ही दरवाजे उघडे टाकून पोर मध्ये उभी केलीत, तिला वारा बाधला. एक दरवाजा लावून घ्या. माझाच लावा, मला राग नाही." बाबा पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मला मेडिकलही मिळालं नाही. मी प्राणिशास्त्र घेतलं, आज तेच शिकवते, आणि बाबा हल्ली हे सगळ्यांना स्वतःचा निर्णय म्हणून सांगतात.

परवा रविवारी टीचरच्या महिन्याच्या मिस्सेला चर्चमध्ये गेले होते. नंतर वाडीत जॉनकाकांजवळ बसले. पंप गप्प होता. मी म्हटलं, "काका, तुमच्या घरात रविवार किती पिढ्यांपासून असा कडक पाळतात?"

"कसल्या पिढ्या? मिस्सा आटपून आलो की आम्ही पंप लावायचो. मोगऱ्याला रविवार कळतो काय? तू यायला लागलीस त्या वर्षी ग्रेसीने बंद करायला लावला. म्हणाली, पोरीला सांगून बसलेय, तिच्या घरी आवाज गेला तर ती पुस्तक उघडेल. त्या उन्हाळ्यात भांडलो आम्ही. मोगऱ्याची एक अख्खी रांग सुकली."

"मग मी कॉलेज संपवून गेल्यावर तरी लावायचात..."

"मी लावायला गेलो होतो. ती म्हणाली, राहू दे, मलापण आता सवय झालीय." काका पंपाकडे बघत राहिले. "आज कोण अडवणार होतं? पण हात जाईना."

मी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. मुंग्या आजही केळीवरून खालीच येत होत्या. का, ते मला अजून कळलेलं नाही. ऊन उतरेपर्यंत मी तिथे होते, आणि काहीही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सांगायला केवढं तरी होतं...