सासूबाईंच्या जागी पिसू

सोआझिगचा बाप डुकरं पाळायचा. समुद्र त्यांच्या शेतापासून तासाभराच्या अंतरावर होता, पण बापाच्या मते समुद्राचा उपयोग एकच, शिंपले खाणं. त्यामुळे सोआझिगला पोहता येत नव्हतं, लाटांची भीती वाटायची, आणि लग्न ठरलं तेव्हा नवरा मुलगा प्लंबर आहे, नळ दुरुस्त करतो, म्हणजे पाण्याशी त्याचा तेवढाच संबंध, अशी तिची समजूत होती.

लग्नानंतर आठव्या दिवशी नवऱ्याने, तांगीने, तिला गोठ्यामागच्या कोठारात नेलं. तिथे पोलादाचा एक सांगाडा उभा होता.

"हे काय?"

"आपली बोट. दोन-तीन वर्षांत होईल बघ."

नऊ वर्षं लागली. तेरा मीटर लांब, दोन डोलकाठ्या, चौदा टन वजन. कोठाराची एक भिंत पाडली तेव्हा कुठे ती बाहेर आली. तांगीने बोटीला आपल्या आईचं नाव दिलं, 'मार्घारिद'. म्हातारी खूश झाली. सोआझिग मात्र त्या दिवसापासून बोटीला सासूबाईच म्हणू लागली. "सासूबाईंना रंग द्यायला झालाय." "सासूबाई आज काही हलायच्या नाहीत." हळूहळू त्रियो नदीच्या मुखावरचं सगळं बंदर तेच म्हणायला लागलं.

आयर्लंडच्या पहिल्याच प्रवासात तांगीला बोट अशी काही लागली की तो दोन दिवस बादली कवटाळून पडून होता. सोआझिगने बोट चालवायचं पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं, सुकाणू धरलं आणि बोट किनाऱ्याला लावली. किनारा पंधरा मैल चुकला होता, पण देश बरोबर होता. तेव्हापासून घरात न बोलता वाटणी झाली. मोकळ्या समुद्रात कप्तान ती. बंदरात, इंजिनापाशी आणि चारचौघांत बढाया मारताना कप्तान तो. वर्षाचे दहा महिने ती शाळेच्या भोजनगृहात दोनशे मुलांचा स्वयंपाक करायची आणि उरलेले दोन महिने सासूबाईंच्या सेवेत. स्पेन झालं, अझोर्स बेटं झाली. दोन्ही मुली बोटीवरच वाढल्या आणि मोठ्या झाल्यावर त्यांनी डोंगरात राहणारे नवरे केले.

सोआझिगला एकोणसत्तरावं लागलं त्या मे महिन्यात दोघं ब्रेहा बेटावरून परतत होती. ओहोटीचा ओघ धक्क्याला आडवा वाहत होता. तांगीने नेहमीसारखी दोर घेऊन धक्क्यावर उडी मारली. त्र्याहत्तर वर्षांचा गुडघा ऐनवेळी दुमडला आणि तांगी धक्का ओलांडून थेट पलीकडच्या पाण्यात गेला. इकडे चौदा टनांच्या सासूबाई आपल्याच तोऱ्यात पुढे निघालेल्या. सोआझिगने इंजिन उलटं टाकलं, सुकाणू पूर्ण वळवलं. बोट शेजारच्या बोटीला फक्त खरवडून थांबली.

तांगी शिडीवरून वर आला तेव्हा टोपी डोक्यावर तशीच होती. समोरच्या खानावळीतले सगळे बाहेर येऊन उभे.

"काय तांगी, पाणी कसं आहे?"

"ओलं आहे!" तो ओरडला, आणि सगळं बंदर हसलं. सोआझिग हसली नाही.

घरी त्याच्या गुडघ्याला बर्फ लावताना ती म्हणाली, "मला एक सांगायचंय. गेल्या वर्षापासून मोठं शीड मला चढवता येत नाही. खांदा वर जातच नाही."

"म्हणून तू सारखी म्हणायचीस होय, वारा पडलाय, इंजिन लाव?"

"हो."

"आणि मला वाटलं, बाई आळशी झाली!" त्याने बर्फाची पिशवी गुडघ्यावर नीट सरकवली. मग म्हणाला, "नांगराची साखळी ओढताना मी मध्येच पक्षी बघत उभा राहतो ना? मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, सोआझिग. दम लागतो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आता मात्र सोआझिगला हसू आवरेना.

समुद्र सोडायचा, हे दोघांच्याही मनात आलं नाही. बोट लहान करायची, एवढं ठरलं. पण लहान म्हणजे केवढी? तांगीने वही घेऊन यादी केली. सहा जणांना झोपायला जागा. ताठ उभं राहता येईल अशी केबिन. थंडीसाठी भट्टी. गरम पाणी. हत्यारांचं कपाट. अटलांटिक ओलांडता आला पाहिजे.

सोआझिगने चष्मा लावून यादी वाचली. "सहा जण कोण?"

"मुली, जावई..."

"जावयांना बंदरातच उलट्या होतात. गेल्या पाच वर्षांत बोटीवर कोण झोपलं? तू आणि मी. आणि अटलांटिक ओलांडून जाणार कुठे? तुला तर शेजारच्या गावातला पाव आवडत नाही."

तिने यादी उलटी केली आणि मागे आपली लिहिली. शीड मला एकटीला चढवता आलं पाहिजे. नांगर हाताने ओढता आला पाहिजे. धक्क्यावर उडी न मारता पाय टाकता आला पाहिजे. रात्री उठायचं झालं तर तांगीला तुडवून जावं लागू नये. शेवटचं, धिरडी करता आली पाहिजेत.

"धिरडी?"

"एकतीस वर्षं स्वयंपाक केलाय मी. जिथे कुट्टूच्या पिठाचं साधं धिरडं उलटता येत नाही, तिथे मी म्हातारपण काढणार नाही."

आणि ती खरंच तवा घेऊन बोटी बघायला जाऊ लागली. एका पिशवीत तवा, दुसरीत भिजवलेलं पीठ, अंडी आणि खारं लोणी. सँ-मालोला एक चकचकीत साडेनऊ मीटरची बोट होती. विकणारा दलाल गळ्याला रुमाल बांधलेला, गोड बोलणारा. पडद्यांचं कौतुक सांगत होता. सोआझिगने चूल पेटवली, उलथनं फिरवलं आणि तिचं कोपर कपाटावर आपटलं. तिने नांगराच्या दोराला हात घातला, शिडाची दोरी ओढून पाहिली आणि नुसती मान हलवली. दलाल म्हणाला, "मादाम, हे सगळं बटण दाबून होतं."

"आणि बटण बिघडलं की?"

"की मग... साहेब आहेत ना!"

साहेब तेव्हा गुडघा चोळत होते.

रोस्कोफची बोट तांगीच्या मनात भरली. जुनी, लाकडी, हंसासारखी मान. तो तिच्याभोवती फेऱ्या मारत राहिला. सोआझिगने केबिनमधली एक फळी उचलली, खिशातला चमचा काढून खालच्या लाकडात खुपसला. चमचा लोण्यात गेल्यासारखा आत गेला.

"दुरुस्त करीन मी," तांगी म्हणाला.

"किती वर्षांत? नऊ?"

तिसऱ्या बोटीच्या संडासात तांगी शिरल्यावर दार लावायला सोआझिगला बाहेरून ढकलावं लागलं. चौथीत त्याचं डोकं तीनदा आपटलं. सप्टेंबर उजाडला. तांगी म्हणू लागला, "राहू दे. सासूबाईच बऱ्या." पण संध्याकाळी धक्क्यावर जाऊन तो बोटीच्या पोलादावरून हात फिरवत उभा राहायचा, आणि सोआझिगला कळायचं की यादीतली कपाटं आणि भट्ट्या म्हणजे नुसती निमित्तं आहेत. ज्या हातांनी नऊ वर्षं पोलादाचं जोडकाम केलं त्या हातांना सोडवत नव्हतं. ती जवळ जाऊन उभी राहायची.

पाचवी बोट त्रेगिएच्या नदीत होती. मालक गुल्वेन, त्र्याऐंशी वर्षांचा, जन्मभर कालवं वाढवलेला माणूस. बोट जेमतेम पावणेआठ मीटरची, बुटकी, पिवळी. तळाला एका कण्याऐवजी दोन आखूड कणे, बैठ्या कोंबडीच्या पायांसारखे. नाव 'प्यूस', म्हणजे पिसू. तिकडे लाडाने बायकोलाही पिसू म्हणतात.

"पिसू!" तांगी हळूच पुटपुटला. "अझोर्सला जाऊन आलेला माणूस मी. आता लोकांना सांगू, पिसूचा कप्तान आहे?"

"नाव बदलायचं नाही हां," गुल्वेन म्हणाला. त्याचे कान तिखट होते. "आणि मी वाटेल त्याला विकत नाही. आधी चालवून दाखवा. मी आता वल्ह्यांची होडी घेतलीय. तुमच्यापेक्षा एक पायरी खाली आहे मी."

सोआझिगने शिडाची दोरी धरली. पांढरं शीड सरसरत वर गेलं. तिने खांद्याकडे पाहिलं, खांदा काही बोलला नाही. शीड उतरवून तिने पुन्हा एकदा चढवलं, नुसतं मजा म्हणून.

नदीच्या मुखाबाहेर हलका वारा होता. सुकाणू तांगीकडे. गुल्वेनने कालवांच्या गप्पा काढल्या, तांगीने सासूबाईंच्या, आणि कोणी किती मोठ्या लाटा पाहिल्या यावरून दोघांची अशी जुंपली की गप्पांतल्या लाटा धिरड्यासारख्या दोन्ही बाजूंनी फुगायला लागल्या. सोआझिग खाली केबिनमध्ये पीठ ढवळत होती. अचानक तळाखाली खस्स असा आवाज झाला आणि बोट थांबली.

तांगी पांढराफटक पडला. ओहोटी चालू होती. चाळीस वर्षं या एकाच आवाजाला तो घाबरत आला होता. दोन मीटर खोल तळाच्या सासूबाई वाळूत रुतल्या असत्या तर पाणी ओसरताच कुशीवर कोसळल्या असत्या.

"इंजिन! नांगर! सोआझिग, सगळं सामान एका बाजूला कर!"

गुल्वेनने पाय लांब केले. "बसा हो. भरतीला निघू. तशीही माझी जेवायची वेळ झालीय."

पाणी बोटाबोटाने उतरत गेलं आणि पिसू हळूच दोन्ही पायांवर बसली. सरळ, टेबलासारखी. तासाभरात चहूकडे ओली वाळू चमकू लागली. सोआझिगने बसल्या जागेवरून चुलीकडे हात पुरवला, धिरडं सोडलं, कडा सुटल्यावर मनगट नुसतं झटकलं. धिरडं हवेत उलटलं आणि बरोबर तव्यात पडलं. कोपर कुठेही लागलं नाही. तिने वर बसलेल्या दोघांना अंडं घातलेली तीन-तीन वाढली, वर लोण्याचा गोळा, सोबत गुल्वेनची सीद्र, सफरचंदाची दारू.

खाऊन झाल्यावर तांगी मागच्या शिडीवरून वाळूत उतरला. बुटांनी पचक-पचक करत त्याने बोटीला एक फेरी मारली, मग दुसरी. वाकून दोन्ही कणे पाहिले, बुक्की मारून तळ वाजवला. मग तो बराच वेळ बोटीला पाठ टेकून उभा राहिला, समुद्राच्या तळाशी, हात खिशात घालून. सोआझिग उतरून त्याच्या शेजारी गेली.

"काय झालं?"

"काही नाही गं. आजवर मी जमिनीला भिऊन खोली मोजत बसायचो. रात्र-रात्र झोपलो नाही. आणि ही बया येऊन मांडी घालून बसली." त्याने नाक पुसलं. "दारातून मला वाकावं लागतं, हे मात्र खरं."

"वाकलास की टक्कल दिसतं. मला आवडतं."

सायंकाळी सहाला पाणी आलं आणि पिसू आपोआप उचलली गेली. परतताना गुल्वेन म्हणाला, "बाईंना विकतो. तुम्हाला नाही. तुम्ही तिला वाळूत घातलीत."

"गप्पा तुम्ही मारत होतात!"

"म्हणूनच मला दुसरा गप्पिष्ट नकोय."

कागदांवर सोआझिगच्याच नावाने सही झाली.

सासूबाई त्या हिवाळ्यात गेल्या. नान्तकडच्या एका तिशीतल्या जोडप्याने घेतल्या, प्रशांत महासागरापर्यंत जायचं म्हणत होते. त्यातल्या पोरीला जोडकाम येत होतं, हे कळल्यावर तांगी विरघळला. तीन शनिवार रविवार त्याने तिला एकेक वाल्व्ह, एकेक तार दाखवली, आईच्या औषधांच्या वेळा समजावून सांगाव्यात तशी. बोट निघाली त्या सकाळी त्याला धक्क्यावर रडू आलं. सोआझिगलाही आलं, आणि त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. इतकी वर्षं टोमणे मारले होते तिने त्या बोटीला. "नीट नांदा हो," ती म्हणाली आणि दोर सोडला.

बंदरातल्या लोकांनी थट्टा केलीच. पहिल्या दिवशी पिसू धक्क्याला लागली तेव्हा खानावळीवाल्याने विचारलं, "तांगी, बाकीची बोट कुठे राहिली?" तोवर सोआझिग दोर हातात घेऊन धक्क्यावर उतरली होती. उडी नाही, घाई नाही, जिना उतरावा तसं एक पाऊल.

त्या वसंतात दोघं नदीतून वर पोन्त्रियो गावापर्यंत गेली, जुन्या धुणं धुवायच्या घाटांवरून बायकांनी त्यांना हात केले. जूनमध्ये हवामान चांगलं लागून राहिलं आणि त्यांनी खाडी ओलांडून इंग्लंडकडच्या सिली बेटांचा बेत केला. दीड दिवसाचा प्रवास. तांगीने बादली जवळ ठेवली होती, तिची गरज पडलीच. सोआझिगने सुकाणू धरलं, केस वाऱ्यावर, गळ्यात लाल मफलर, आणि सकाळी धुक्यातून पहिलं बेट वर आलं तेव्हा ती एकटीच मोठ्याने ओरडली.

बेटाच्या बाहेर मोठमोठ्या बोटी नांगरावर हेलकावत होत्या. एकीवरचा माणूस हात हलवून बजावत होता, पुढे उथळ आहे, पुढे जाऊ नका.

"काय म्हणतोय तो?" तांगीने बादलीतून डोकं वर काढून विचारलं.

"बूट घाल म्हणतोय," सोआझिग म्हणाली, आणि तिने पिसूला सरळ वाळूकडे वळवलं. तासाभराने पाणी ओसरलं, आणि दोघं चालत गावात पाव आणायला गेली.