पार्वतीबाईंचा कूड

खुटबावला घरामागून नवा रस्ता निघाला आणि सुरेखाची परसातली न्हाणी उघडी पडली. तिच्या नवऱ्याने, महेंद्रने, पत्र्याचा आडोसा ठोकला. चैत्रातल्या वावटळीने तो खांबांसकट उपटून शेजारच्या उसात नेऊन टाकला.

"कारखान्यात लोखंड जोडतूस, पर वाऱ्याशी भांडायला कुणी शिकीवलं?" त्याची आई पार्वतीबाई म्हणाल्या. "त्याला वाट द्यावी लागती. तुराट्यांचा कूड घालते."

"काठ्यांतनं समदं दिसंल की, आई."

"आदी बघ तर."

सत्तरीतल्या पार्वतीबाईंनी तुरीच्या वाळक्या काठ्या दाट विणून दोन दिवसांत कूड उभा केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसाच वारा सुटला. महेंद्र रस्त्यावर थक्क होऊन उभा राहिला. वारा कुडातून सळसळत आरपार जात होता, तरी कूड जागचा हलत नव्हता. आत सुरेखा न्हात होती. पाण्याचा आवाज येत होता, दिसत मात्र काहीच नव्हते.